डी मायनरमधली ३२ बारची छोटी पियानो रचना : अभिप्राय हवेत

पांढरी_एक

सोलो पियानोसाठी एक छोटी रचना लिहिली आहे. ऑडिओ आणि नोटेशनची पीडीएफ जोडली आहे. ज्यांच्याकडे फाइल उघडत नाही त्यांच्यासाठी सगळं खाली मांडलं आहे. सप्तकांचे आकडे मिडल सी म्हणजे सी४ धरून आहेत.

स्केल डी मायनर, ३/४, क्रॉचेट (एक मात्रा) मिनिटाला ८४. ३२ बार, म्हणजे ९६ मात्रा, साधारण ६९ सेकंद. आकार अ-अ-ब-अ, प्रत्येक भाग आठ बारचा.

अ : डी मायनर | जी मायनर | ए सेव्हन | डी मायनर | जी मायनर | डी मायनर | बी फ्लॅट मेजर | ए सेव्हन
दुसऱ्या आणि शेवटच्या वेळी अखेरचे दोन बार : ए सेव्हन | डी मायनर
ब : एफ मेजर | सी सेव्हन | एफ | बी फ्लॅट | जी मायनर | सी सेव्हन | एफ | सी सेव्हन

उजव्या हाताचा मुखडा : बार १ मध्ये ए४ (क्रॉचेट), बी फ्लॅट४ आणि ए४ (क्वेव्हर, म्हणजे अर्धी मात्रा), एफ४ (क्रॉचेट). बार २ मध्ये जी४ मिनिम (दोन मात्रा), बी फ्लॅट४ क्रॉचेट. बार ३ मध्ये ए४, बी फ्लॅट४ असे दोन क्वेव्हर आणि सी शार्प५ मिनिम. बार ४ पूर्ण डी५. बार ७ पूर्ण एफ४, बार ८ पूर्ण ई४. 'ब' मध्ये तोच मुखडा वर सरकवून सी५-डी५-सी५-ए४.

डावा हात क्वेव्हरमध्ये सुटी कॉर्ड (स्वर एकामागून एक) : डी२-एफ२-ए२, डी२-एफ२-ए२. बाकीच्या कॉर्ड याच धर्तीवर. पेडल दर दोन बारला.

तीन प्रश्न आहेत. बार २५ ला मुखडा परत येतो तेव्हा परतल्यासारखं वाटत नाही, ते का? डावा हात घोंगावतो, त्याला काय करावं? आणि शेवट डी मेजरवर केला तर?

---

खर्जप्रेमी

मुखडा छान आहे, लगेच गुणगुणता येतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मांडणीतच आहे. डी२ ची कंपनसंख्या सुमारे ७३ हर्ट्झ, एफ२ ची सुमारे ८७. दोन्हींत जेमतेम १४ हर्ट्झचं अंतर. एवढे जवळचे दोन खर्जातले स्वर कान वेगळे करत नाही, घरघर ऐकू येते. शिवाय दोन्ही तारांचे वरचे स्वरांशही एकमेकांत घुसतात. तोच एफ एक सप्तक वर नेला की काम होतं, कारण एफ३ सुमारे १७५ हर्ट्झवर आहे.

ढोबळ नियम असा ठेवा : सी३ च्या खाली दोन स्वरांत पंचम किंवा सप्तकाचं अंतर चालतं, थर्ड (डी ते एफ एवढं अंतर) नाही. म्हणजे बार १ असा करा :

डी२-ए२-डी३-एफ३-डी३-ए२

सहाही क्वेव्हर तेवढेच, फक्त कॉर्ड उघडली. डी२ ते एफ३ हाताच्या एका पंजात मावणार नाही, पण सुटे स्वर आहेत आणि खाली पेडल आहे, त्यामुळे मनगट उजवीकडे सरकवत न्या. करंगळी डी२ वर ताणून धरून ठेवू नका. ती सुटली तरी पेडल स्वर धरून ठेवतं.

ए सेव्हनमध्ये सी शार्प कुठे ठेवता याकडेही बघा. बेसला ए असेल तर सी शार्प तिसऱ्या सप्तकातच हवा.

---

तिहाई

डी ला सा मानला तर 'अ' भागात सा रे ग(कोमल) म प ध(कोमल) नी(शुद्ध), म्हणजे सरळ कीरवाणी. बी फ्लॅटवरून सी शार्पवर जी उडी आहे तिथेच रचनेचा सगळा रंग आहे. बार १ च्या पहिल्या ए ला बी फ्लॅटचा कण (आधी निसटता स्पर्श) लावून बघा. मींड पियानोवर नाही, पण कण चालतो. फक्त मुखडा येईल त्या प्रत्येक वेळी नको, एकदाच.

एक शंका. ऑडिओ ऐकताना पहिले चार बार मला ३/४ लागलेच नाहीत, दादरा लागला. डावा हात तीन-तीनचे दोन गट करतोय.

---

पांढरी_एक

@खर्जप्रेमी, उघडी कॉर्ड वाजवून बघितली. घरघर गेली.

@तिहाई, तीन-तीनचे गट मुद्दाम ठेवले होते. वर तीन मात्रा, खाली दोन झोके, अशी ओढ हवी होती.

---

चौकटराजा

ओढ हवी असेल तर आधी ३/४ पक्कं बसवायला हवं. पहिल्या बारपासून खाली ३+३ चाललं तर ऐकणारा तालच ६/८ समजतो, मग ओढ कुणाविरुद्ध? खर्जप्रेमींनी दिलेला आकार (डी२-ए२, डी३-एफ३, डी३-ए२) आपोआप २+२+२ पडतो. 'अ' मध्ये तो ठेवा आणि ३+३ फक्त 'ब' च्या दोन-चार बारांत आणा. मग ते खरंच जाणवेल.

आता नोटेशन. पीडीएफमध्ये तीन गोष्टी खटकल्या.

बार ३ आणि ८ मध्ये सी शार्पच्या जागी डी फ्लॅट छापलाय. मिडीवरून (संगणकातल्या स्वरांच्या नोंदीवरून) नोटेशन काढलं की सॉफ्टवेअरला स्केल कळत नाही आणि असं होतं. डी मायनरमधला लीडिंग नोट (डी कडे ओढणारा खालचा स्वर) सी शार्पच. डी फ्लॅट लिहिला तर वाचणारा बी फ्लॅट ते डी फ्लॅट असा मायनर थर्ड बघतो आणि पुढे डी नॅचरलची खूण लावावी लागते. पानाची नुसती कचरापट्टी.

३/४ मध्ये क्वेव्हरचे दांडे दोन-दोनचे किंवा सहाचा एकच जोडा. तीन-तीनचे जोडले की ते ६/८ दिसतं.

बार २९ पासून उजव्या हातात धरलेला स्वर आणि चालता स्वर एकाच दांड्यावर आहेत. दोन आवाज वेगळे करा, वरच्याचे दांडे वर, खालच्याचे खाली. त्याशिवाय कुठला स्वर किती वेळ धरायचा हे कळत नाही.

---

टेनर_क्लेफ

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्यावरच लिहितो.

बार २४ ला सी सेव्हन आहे आणि बार २५ ला डी मायनर. 'ब' भागाने कानात एफ मेजर बसवलेलं आहे. तिथे सी सेव्हन म्हणजे पाचवी कॉर्ड, तिच्या मागून एफ येणार ही अपेक्षा. तुम्ही देता डी मायनर, म्हणजे एफ ची सहावी. हा चकवा झाला. ऐकणाऱ्याला डी मायनर भेटतो, पण एफ च्या जागी आलेला पाहुणा म्हणून. कारण सरळ आहे : 'ब' मध्ये आणि परतीच्या वाटेवर सी शार्प एकदाही वाजलेला नाही.

आता सी सेव्हन हातात धरून बघा : सी, ई, जी, बी फ्लॅट. यातला फक्त सी अर्धा स्वर वर चढवा. सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट. झाली सी शार्प डिमिनिश्ड सेव्हन, आणि ती थेट डी मायनरकडे ओढते. एका बोटाचं काम आहे. बार २४ असा :

डावा : सी३-जी३-बी फ्लॅट३-जी३, मग तिसऱ्या मात्रेवर सी शार्प३-जी३
उजवा : ई५ मिनिम, बी फ्लॅट४ क्रॉचेट
बार २५ : डावीकडे डी३, उजवीकडे ए४

सी शार्प वर डी ला, बी फ्लॅट खाली ए ला. दोन्ही बाजूंनी अर्ध्या स्वराने मुखड्याच्या पहिल्या जोडीवर दार बंद होतं.

जाताना याच्या उलट करा. सध्या बार १६ ला डी मायनरवर पूर्ण विराम आहे आणि बार १७ ला एफ. खडखडाट होत नाही, कारण दोन्ही कॉर्डमध्ये एफ आणि ए सारखेच आहेत. पण जागाही बदलत नाही. तो विराम काढून टाका. बार १४ डी मायनर (बेस डी३), बार १५ ए सेव्हन पण बेसला सी शार्प३, बार १६ सी सेव्हन बेस सी३, बार १७ एफ. उजव्या हातात बार १५ चा ई४ टाय करून (पुन्हा न वाजवता) बार १६ च्या दोन मात्रा तसाच धरा, तिसऱ्या मात्रेवर जी४. ई दोन्ही कॉर्डमध्ये आहे, म्हणून वरचा आवाज जागचा हलत नाही आणि बेस त्याच्या खालून निसटतो.

म्हणजे जाताना बेस डी, सी शार्प, सी. येताना सी, सी शार्प, डी.

---

तिहाई

वा! डी ला सा धरून बसलेल्या कानाला बार १६ चा सी आधी कोमल नीच वाटेल. नुसती सी मेजर दिली असती तर आसावरीत गेल्यासारखं झालं असतं, सा हलला नसता. त्यात बी फ्लॅट आहे म्हणून सा एफ वर सरकतो. तो बी फ्लॅट सोडू नका.

---

टेनर_क्लेफ

अगदी. आणि तो डाव्या हातात ठेवा : सी३-जी३-बी फ्लॅट३-जी३-बी फ्लॅट३-जी३. बार १७ मध्ये तिथेच ए३ हवा (एफ२-सी३-ए३...), म्हणजे बी फ्लॅट खाली ए ला उतरतो. मुखड्यात बी फ्लॅट घेतला तर पुढचा स्वर सी५ आहे, मग तो वर चढेल आणि सेव्हनचा जोर वाया जाईल.

---

चौकटराजा

आणखी एक. बार ७-८ : बेस बी फ्लॅट, वर एफ. मग बेस ए, वर ई. दोन सबंध बार समांतर पंचम (दोन आवाज पंचमाचं अंतर तसंच ठेवून एकाच दिशेने सरकतात, नियमाने हे टाळतात), तेही दोन्ही बाहेरच्या आवाजांत.

---

अर्धपेडल

हा नियम इथे कशाला? चार आवाजांच्या कोरसची परीक्षा थोडीच चालली आहे. कितीतरी पियानो रचनांत मुद्दाम समांतर पंचम असतात.

---

चौकटराजा

मुद्दाम असतात तिथे ते सलग चालतात, तो त्या रचनेचा रंगच असतो. इथे बाकी ३० बारांत बेस आणि मुखडा स्वतंत्र चालतात आणि या दोनच बारांत एकमेकांना चिकटतात. मधल्या आवाजात असते तर मी बोललो नसतो. बाहेरच्या दोन आवाजांत ते उघडे पडतात, पोकळ लागतात.

उपाय सोपा आहे. बार ७ ची तिसरी मात्रा बेसला जी द्या. मुखड्यातला एफ तसाच. जी वर एफ म्हणजे सेव्हन्थ, तो आधीच्या कॉर्डमधून तयार आलेला आहे, आणि बार ८ ला खाली ई वर उतरतो. बेस मात्र जी वरून ए ला चढतो. दोघे विरुद्ध दिशेने जातात, पंचम राहतो पण समांतर राहत नाही.

---

अर्धपेडल

ऐकून बघितलं, हे चांगलं लागतंय. नियमाबद्दलचं माझं मत तेच.

आता पेडल. दर दोन बारला एक पेडल म्हणजे बार ३ चा सी शार्प आणि बार ४ चा डी एकत्र गुंजतात. वरच्या सप्तकात अर्ध्या स्वराचं हे भांडण बेसपेक्षा जास्त कानात जातं. कॉर्ड बदलली की पेडल बदला, म्हणजे इथे जवळजवळ प्रत्येक बारला.

बदलण्याची पद्धत : नवी कॉर्ड दाबली जाते त्याच क्षणी पाय वर, आणि ती वाजल्यानंतर पाय खाली. बोट आणि पाय एकदम खाली गेले तर जुन्या कॉर्डच्या तारा अजून थांबलेल्या नसतात आणि त्याही पेडलमध्ये अडकतात. ८४ च्या लयीत एक क्वेव्हर ०.३६ सेकंदाचा आहे. दुसरा क्वेव्हर वाजायच्या आत पाय खाली हवा, नाहीतर पहिला बेस स्वर निसटतो.

टेनर_क्लेफ यांच्या नव्या बार २४ मध्ये पेडल दोनदा : पहिल्या मात्रेवर आणि तिसऱ्या मात्रेवर. तिसरीला विसरलात तर सी आणि सी शार्प खर्जात एकत्र राहतील आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पुसलं जाईल.

ऑडिओ सॉफ्टवेअरने वाजवलेला दिसतो. सगळ्या स्वरांची वेलॉसिटी (वाजवण्याचा जोर) ८० आहे, म्हणून मुखडा आणि साथ एकाच पातळीवर बसलेत. मुखडा ७२ ते ८८ मध्ये हलता ठेवा, साथ ४५ ते ५५, त्यातही बारचा पहिला बेस स्वर ५८ पर्यंत. उघड्या कॉर्डमधला सगळ्यात वरचा एफ३ सगळ्यात हळू. तो आकाराच्या टोकाला येतो, त्यामुळे आपोआप ठोकला जातो आणि ऐकणारा त्यालाच सुरावट समजतो.

मिडीमध्ये पेडल कंट्रोलर ६४ वर असतं. साध्या चालू-बंद पेडलला ० ते ६३ बंद, ६४ ते १२७ चालू. अर्धं पेडल हवं असेल तर पेडल आणि वाद्य दोन्हींना मधले आकडे कळले पाहिजेत. इथे त्याची गरज नाही.

---

खर्जप्रेमी

सुरावटीच्या चढाबद्दल कुणी बोललं नाही. सबंध रचनेत सगळ्यात वरचा स्वर डी५, आणि तो बार ४ लाच येऊन जातो. 'ब' मध्येही त्याच्यावर काही जात नाही. त्यामुळे 'ब' नुसता मधला भाग राहतो, त्याला शिखर नाही.

तुमच्या कॉर्ड न बदलता हे होतं. बार २१ (जी मायनर) : डी५-ई५-डी५-बी फ्लॅट४. बार २२ (सी सेव्हन) : ई५-एफ५-ई५-सी५. मुखड्याचीच लय, दर बारला एक पायरी वर. बार २३ (एफ) : एफ५, पूर्ण तीन मात्रा. तिथून बार २४ चा ई५ समोरच आहे. वेलॉसिटीही इथेच ९० च्या वर जाऊ द्या, बाकी कुठे नको.

आणि 'अ' तीनदा जसाच्या तसा नको. दुसऱ्यांदा डावा हात हलका करा, नुसते बेस आणि दोन स्वर.

---

तिहाई

डावा हात हलका करायला माझा विरोध. इतक्या छोट्या रचनेत तेवढं एकसंध चालू राहणं हाच आधार आहे. पहिल्या आणि दुसऱ्या वेळी शेवट वेगळे आहेत, तेवढाच बदल पुरे. कण दुसऱ्या वेळी.

---

टेनर_क्लेफ

तिसरा प्रश्न राहिला. डी मेजरवर शेवट, म्हणजे एफ शार्प. मला नको वाटतो. या रचनेतला सगळा ताण सी आणि सी शार्पमध्ये आहे. शेवटच्या क्षणी एफ शार्प आणला तर लक्ष तिकडे जातं आणि तो कुठून आला हे कळत नाही. बार १६ चा विराम काढला की पूर्ण विराम सबंध रचनेत एकदाच, बार ३१-३२ ला येतो. तेवढं वजन पुरेसं आहे.

त्यापेक्षा सी शार्पला जरा थांबवा. बार ३० ची तिसरी मात्रा डी४ करा, ती बार ३१ मध्ये टाय करून दोन मात्रा धरा, तिसऱ्या मात्रेवर सी शार्प४, बार ३२ ला डी४. एक काळजी : बार ३१ मध्ये डाव्या हातात सी शार्प अजिबात नको. ए२-ई३-जी३-ई३-जी३-ई३ एवढंच. साथीत सी शार्प आधीच वाजला तर वर धरलेल्या डी शी टक्कर होते आणि रोखून धरल्याचा परिणामच जातो.

---

अर्धपेडल

डी मेजर एकदा वाजवून तर बघा, पण उजवीकडे नव्हे, एफ शार्प३ डाव्या हातात आणि अगदी हळू. माझं मत त्याच्या बाजूने आहे.

---

पांढरी_एक

सगळ्यांचे आभार. दुसरी प्रत जोडली आहे. बार ७, १४ ते १७, २१ ते २५, ३० ते ३२ बदलले. डी फ्लॅट गेले, दांडे दोन-दोनचे झाले. ३+३ आता फक्त बार १९-२० मध्ये. कण दुसऱ्या वेळी, बार ९ ला. डावा हात हलका केलेला नाही. शेवट डी मायनरवरच ठेवलाय. एफ शार्प डाव्या हातात वाजवून बघितला, पण त्याच्यानंतर सी शार्पची थांबणूक फिकी वाटली.

दोन अडचणी. बार २४ चा सी शार्प३ पुढे डी२ वर गेला तर सात स्वरांची उडी पडते, म्हणून बार २५ मध्ये डी३ घेतला. मग उघडा आकार तिथे बसत नाही, वरचा एफ४ उजव्या हाताच्या एफ४ वर आदळतो. आणि बार ३ च्या ए-बी फ्लॅट-सी शार्प-डी ला २-३-४-५ बोटं लिहिली आहेत, ती लयीत आखडतात.

---

खर्जप्रेमी

बार २५ पुरती बंद कॉर्ड घ्या : डी३-एफ३-ए३-एफ३-ए३-एफ३. सी३ च्या वर आहे, तिथे थर्ड स्वच्छ ऐकू येतो. आधीचा जी३ ही एफ३ ला उतरतो, तेही जुळतं. बार २६ पासून पुन्हा खाली या.

---

चौकटराजा

बोटं : बार २ ला जी वर २ आणि बी फ्लॅटवर ४ येतो. तिथून बार ३ च्या ए वर अंगठा घ्या आणि १-२-३-४ जा. बी फ्लॅट ते सी शार्प तीन अर्ध्या स्वरांचा ताण आहे. तो २ आणि ३ मध्ये सुखाने बसतो, ३ आणि ४ मध्ये लहान पंजाला जड जातो. अंगठा ए वर काळ्या पट्ट्यांच्या जवळ, आत सरकवून ठेवा. पट्टीच्या कडेला ठेवलात तर बी फ्लॅटसाठी हात पुढे ढकलावा लागतो आणि तिथेच लय अडखळते. हेच बार ११ आणि २७ ला.

बार ९ चा कण बी फ्लॅटवर ४, ए वर ३. डाव्या हाताचा डी२ मुख्य ए बरोबर पडू द्या, कणाबरोबर नको.

---

अर्धपेडल

दुसरी प्रत ऐकली. परत येणं आता बरोबर लागतंय. बार ३१ ला रिटार्डांडो (लय हळूहळू कमी) लिहिलंय ते सॉफ्टवेअर पहिल्या मात्रेपासून ओढतंय. ते दुसऱ्या मात्रेवरून सुरू करा, म्हणजे डी धरलेला असताना लय सुटायला लागेल आणि सी शार्प उशिरा येईल. शेवटच्या बारला पेडल फर्माटा (लांबवलेला स्वर) संपेपर्यंत, पण ते दाबण्याआधी सी शार्पचं बोट सुटलेलं हवं.